राहीबाईंचे घर

तुडीलचे ते घर निशिगंधेला मिळवून दिले ते मी. आणि घरमालकाने किंवा त्याच्या वतीने अन्य कोणीही पूर्वसूचनेवाचून आत पाऊल ठेवू नये, ही अट करारात घातली तीही मीच. पुढे जे घडले त्यातला माझा भाग एवढाच.

मालक हर्षद हा माझा जुना विद्यार्थी. तो भांडुपला असतो. त्याची आई, राहीबाई, त्याच घरात वारली. आपल्याकडील रीतीप्रमाणे मागची खोली त्याने कुलूपबंद ठेवली होती. तिच्यात देव होते आणि आईची पेटी होती. उरलेले घर गावच्या उपकेंद्रातील परिचारिकेला, म्हणजे निशिगंधेला, भाड्याने दिले. ती सासर सोडून लहानग्या लेकीला, समीक्षेला, घेऊन आली होती. किल्ली घेताना ती म्हणाली होती, "बाई, आतून कडी लावता येईल असं घर मला पहिल्यांदाच मिळतंय."

भाद्रपदात ती महाडला माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"बाई, घरात कुणीतरी येतं. मी स्वयंपाकघरात असते, दाराला कडी असते. पोरगी झोपेतून उठते, तेव्हा तिचे केस विंचरलेले असतात… तेल लावून, दोन घट्ट वेण्या घातलेल्या."

दुसरी किल्ली शेजारच्या काशीबाईंकडे होती. काशीबाई ही हर्षदची चुलती. मी थेट तिच्याकडे गेले.

"मी कशाला जातंय गो बाई तिच्या घरात?" ती उसळली. "माझ्या सुनेनं माझी वेणी घातलेली नाय कधी, नि मी परक्या पोरीची घालू?"

तरीही ती किल्ली मी मागून घेतली. रविवारी निशिगंधा लसीकरणाला गेली, तेव्हा मी समीक्षेजवळ थांबले. पुढच्या आणि मागच्या दाराच्या कड्या मी स्वतः लावल्या. पोर झोपली. मी खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले आणि सवयीने त्यातील चुकांखाली तांबड्या शाईने रेघा ओढू लागले.

दुपारीच अंधारून आले. वीज गेली. सावित्री नदीचा आवाज, जो एरवी लक्षातही येत नाही, तो भिंतीपलीकडे येऊन उभा राहिल्यासारखा वाटला. मग वास आला. चुलीवर कोमट केलेल्या खोबरेल तेलाचा. त्या घरात गॅस होता. चूल केव्हाच मोडली होती.

माझ्या पाठीमागे कोणीतरी तळहातावर तळहात चोळत होते.

मान वळवावी असे मनात आले, पण मान वळेना. केसांतून फणी फिरल्याचा आवाज येऊ लागला. हळू, सराईत… मध्येच गुंता लागल्यासारखा थांबणारा.

"आजी… दुखतंय," समीक्षा झोपेत कुरकुरली.

"कोण आहे तिथे?" वर्गात काढीत असे तो आवाज मी काढला. तो चिरकला.

फणी थांबली. मी वळले. खोलीत पोरीखेरीज कोणी नव्हते. दोन्ही कड्या जशाच्या तशा होत्या. समीक्षेच्या डाव्या कानामागे तेलाने चकाकणारी वेणी होती. उजवीकडचे केस मोकळे होते.

हर्षदला बोलावून घेतले. सारे ऐकून तो ओट्यावर मटकन बसला.

"बाई, घर देताना मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. म्हटलं, आई, मी मुंबईला, माझ्यामागं घर तू बघ."

"म्हणजे तुझ्या वतीने येण्याचा अधिकार तू तिला दिलास," मी म्हणाले. "करार मोडलास तू, हर्षद."

"दुसरं घर बघ, पोरी," काशीबाई निशिगंधेला म्हणाली. "जित्तेपणी राहीबाईनं कुणाचं दार वाजवलं नाय. आता वाजवील व्हय?"

"मी नाही जाणार," निशिगंधा म्हणाली. "भाडं मी भरते. माझ्या घरात कोण येणार, ते मी ठरवणार."

म्हणून उंबरठ्यावर पुन्हा नारळ ठेवला. शब्द मी सांगितले, हर्षदने ते आईच्या बोलीत उच्चारले: "आई, हे घर आता निशिगंधेचं हाय. कडी वाजवल्याबिगर आत येऊ नकोस. घरातलं माणूस 'ये' म्हणाल्याबिगर पाऊल टाकू नकोस." हर्षदला ते मान्य होते. निशिगंधेला मान्य होते. काशीबाईने कपाळाला हात लावून मान्य केले. आम्ही सारे पुढच्या दाराकडे पाहत उभे राहिलो.

कडी वाजली.

पुढच्या दाराची नव्हे. मागच्या, बाहेरून कुलूप घातलेल्या खोलीची… आणि आतून.

ठरले होते तसेच तिने केले होते. निशिगंधेने दात आवळून धरले. हर्षदने डोळे मिटले. आमच्यापैकी कोणी बोलणार नव्हते, हे मला ठाऊक होते.

आईच्या कडेवरून समीक्षेने खोलीच्या दाराकडे पाहिले, उजव्या कानामागचे मोकळे केस मुठीत धरले आणि म्हणाली, "ये ना, आजी."