अळीसाठी सोडलेलं शेत

स्मृतिमापकात बोरगव्हाणच्या ज्वारीचे दाणे पडले आणि पडद्यावरची रेघ आडवी झाली ती उठेचना. डॉ. निर्मला खरमाटेनं दाणे बदलले, यंत्र पुसलं, शेवटी त्याला दोन शब्द सुनावलेही. रेघ ढिम्म.

“यंत्राला कशाला बोलता?” बियाणे संशोधन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ अशफाक मुलाणी म्हणाले. “बियाणं विसरलंय.”

बीजस्मृतीचा शोध निर्मलाचाच. लष्करी अळीनं पान कुरतडलं की तिची लाळ जखमेत उतरते. झाड ती ओळखतं, पानात कडू रस भरतं आणि आपल्या जनुकांवर तशी खूण करून ठेवतं. खूण दाण्यात उतरते, आणि पुढचं रोप जन्मतःच सावध असतं. बोरगव्हाण हे निर्मलाचं माहेर. तिथल्या दोन-तीन एकरवाल्यांना तिनं असं बियाणं दिलं, तेव्हापासून गावात विषारी फवारणी झाली नव्हती.

“इतकी वर्षं अळी फिरकली नाही, मग झाडानं लक्षात ठेवायचं काय?” मुलाणी म्हणाले. “त्यात गावातल्या बायका बियाण्याला बिनडागी, भरघोस कणीस निवडतात. म्हणजे अळी न लागलेल्या झाडाचंच.”

“मग कात्रीनं पानं कापू?”

“तुम्हीच करून पाहिलंत ना? लाळेशिवाय झाड शिकत नाही.”

“आणि लाळ बाटलीत टिकत नाही,” निर्मला स्वतःशीच म्हणाली. ताजी लाळ, ताजी जखम, म्हणजे जिवंत अळीच हवी. दरवर्षी एक शेत अळीला खाऊ द्यायचं आणि साऱ्या गावानं बियाणं तिथून न्यायचं, एवढाच मार्ग उरला. नाहीतर अळी परतली की गावभर रान साफ.

गावानं ऐकून घेतलं. शेत पाळीपाळीनं सोडायचं, ज्याचं जाईल त्याची कणगी बाकीच्यांनी भरायची, असं ठरलं. पहिली पाळी कुणाची यावर मात्र सगळे पायाच्या बोटांकडे बघू लागले. तेव्हा निर्मलाचा थोरला भाऊ भागवत उठला. “बहिणीनं सांगायचं आणि भावानं मागं सरायचं, बरं दिसत न्हाई,” म्हणाला आणि खाली बसला.

केंद्रात वाढवलेल्या अळ्या निर्मलानं स्वतःच्या हातानं भावाच्या ज्वारीत सोडल्या. त्या दिवशी तिला घास गेला नाही. पुढे बांधावर जायचा धीरही होईना.

पीक पोटरीत आल्यावर, कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना, ती गेली. चाळण झालेली पानं बघायची मनाची तयारी केली होती. समोर ज्वारी हिरवीगार डोलत होती.

“वहिनी, हे काय?”

सुलाबाई वहिनी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “येचल्या आम्ही. गावातल्या समद्याच येत हुत्या दुपारच्या. शेंड्याच्या पोंग्यात बोट घालायचं, अळी चिमटीत धरायची, चिरडायची. उभं पीक खाताना बघायचं आन् घरी यून भाकर खायची, हे आमच्यानं हुईना, वन्सं.”

“अगं, पुढच्या सालचं बियाणं मारलंत तुम्ही! अख्ख्या गावाचं!” निर्मला आयुष्यात पहिल्यांदा वहिनीवर ओरडली. ती तशीच पाठ फिरवून केंद्रात परतली.

सुगीनंतर नियम म्हणून त्या शेताचे दाणे तपासायला आले. निर्मलानं ते यंत्रात टाकले आणि चहा आणायला वळली.

“डॉक्टर,” मुलाणींनी हाक मारली, “मागं बघा.”

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली होती. दुसरे दाणे, तिसरे दाणे, शेताच्या पार कोपऱ्यातले दाणे, सगळे तसेच.

“पण अळी खाऊच दिली नाही त्यांनी,” निर्मला पुटपुटली.

मुलाणींनी विचारलं, “अळी चिमटीत दाबली की काय करते?”

“ओकते. हिरवी लाळ...” निर्मलाचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. पोंगा उपसताना त्यातलं गुंडाळलेलं कोवळं पान थोडंफार फाटणारच. अळी वेचून लाळेनं माखलेलं बोट लगेच शेजारच्या पोंग्यात. स्वतः खाणारी अळी फार तर दोन-चार झाडं धरते. या बायकांची बोटं शेतातल्या एकेका झाडात फिरली होती. झाडांचं बोटभर पानही गेलं नव्हतं आणि सगळी शिकली होती.

ती तडक गावी गेली. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होती.

“वहिनी, आता कुणाचंच शेत घालवायचं नाही. अळ्या मी आणते. तुम्ही यंदासारख्याच वेचा, तशाच चिरडा, आणि मधे हात धुऊ नका.”

सुलाबाईचं सूप थांबलं. “न्हाई, वन्सं. तुम्ही रागावून गेलासा त्याच दिवशी समद्या जणींनी मारुतीपुढं शपथ घेतलीया. मेलो तरी अळीला हात लावायचा न्हाई.”

निर्मलाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले.

“मोडा ती शपथ.”

“आन् मोडल्याचं पाप?”

“मला लागू दे,” निर्मला म्हणाली आणि वहिनीशेजारी जमिनीवर बसली.