मीनाहीगेली

मंगळावरच्या ध्वनिशाळेत रविवारी काम बंद आणि वाचन सुरू. तिथंच का, तर साऱ्या वसाहतीत खरी ऊब तेवढ्या एका खोलीत होती. ती खोली हृषीकेश भिडेची. शिरस्त्राणातल्या बोलण्याची खरखर काढता काढता, माणसाला माणसाचं बोलणं मुळात कळतं कसं, याचाच त्याला नाद लागला होता. दुसऱ्या डॉक्टर प्रमिला काळमेघ, वऱ्हाडातल्या दारव्ह्याच्या. आणि तिसरी मीना, काचघरात मेथी-पालक पिकवणारी. मंडळ तिघांचं, पण भांडण अख्ख्या गावाचं!

वाचत होते ‘सलग’. मीनाच्या आईची, इंदुमतीबाईंची, एकुलती एक कादंबरी. आणि कादंबरी तरी कसली हो! पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोन शब्दांत फट नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही. जुने लोक मोडीत लिहीत तसं सगळं एकाला एक चिकटलेलं. शब्द वाचणाऱ्यानं तोडायचे. तोडायला चुकला की अर्थाचा बट्ट्याबोळ. पृथ्वीवरच्या भल्याभल्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

मीनाला मात्र त्यातून एकच गोष्ट हवी होती. आई आजारी पडली तेव्हा परतीचं एक यान होतं. काचघरातलं पहिलंवहिलं पीक सोडवेना म्हणून मीनानं ते जाऊ दिलं. आई गेली, आणि नंतर पुरवठ्याच्या यानातून हे पुस्तक आलं. जाताना आईचा आपल्यावर राग होता का, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारणार कोणाला?

आज शेवटची ओळ होती. भिडेनं ती पडद्यावर मोठी केली: तेगेलेसुधीरगेलामीनाहीगेली.

“ते गेले, सुधीर गेला, मीनाही गेली,” भिडे हळू आवाजात म्हणाला.

ते म्हणजे बाबा. सुधीर मीनाचा धाकटा भाऊ, कॅनडात स्थायिक झालेला. आणि तिसरी ती. मीनानं हातातलं पुस्तक मिटलं. “धरलं मला आईनं गेलेल्यांत. चला, संपलं.”

चहा निवत होता. शेवटी विषय बदलायचा म्हणून मीनानंच विचारलं, “डॉक्टर, आज दवाखाना नाही का?”

“मी नाही गेली बाप्पा आज. रविवारी कोण जाते?”

“गेले म्हणा, डॉक्टर, मी नाही गेले,” भिडेनं सवयीनं टोकलं.

“तुमच्या पुण्यात गेले. आमच्या वऱ्हाडात बाई गेलीच म्हणते. मी गेली, मी जेवली. तुमचं काही अडते का?”

मीना पडद्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “डॉक्टर, पुन्हा म्हणा.”

“काय? मी नाही गेली?” आणि डॉक्टरांचीही नजर पडद्यावर गेली. “अगं बाई! आणि बघ, पुस्तकभर पोरगी आहे, पण तिला नाव कुठंच नाही. मग इथंच कसं आलं?”

“आईचं माहेर यवतमाळचं होतं,” मीना म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. “पण नाही हो. लग्नानंतर सासरी आजी हसायची तिच्या बोलण्याला. आईनं भाषाच बदलून टाकली. मला आलेल्या प्रत्येक संदेशात ‘मी गेले, मी आले’. वऱ्हाडी बोलताना मी तिला कधी ऐकलंच नाही.”

भिडे खुर्चीत पुढे सरकला. “तुझा जन्म कुठला?”

“यवतमाळचा. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं काय! बाबांची बदली झाली म्हणून वर्षभर तिथंच होतो आम्ही.”

“म्हणजे ऐकलं आहेस. तुला आठवत नाही, एवढंच.” भिडेचा आवाज चढला. “हे बघ, तान्ह्या मुलाला शब्द ऐकू येत नाहीत. त्याला या पुस्तकासारखा सलग आवाज येतो. तो कुठं कापायचा, हे ते पहिल्या वर्षात आईच्या तोंडून शिकतं. मी त्याला आद्यछेद म्हणतो. पुढं शाळा काहीही शिकवो, मेंदू आधी आईच्या कात्रीनं कापतो आणि मग शहाणपणानं पुन्हा शिवतो. आपल्याला फक्त शिवलेलं कळतं. माझं हे यंत्र, छेदलेखक, ती पहिली काप पकडतं. कात्री आईचीच, म्हणजे काप पडेल तिथंच आईनंही शब्द तोडला असणार.”

“आणि मीनाहीच निघालं तर?” मीनानं विचारलं.

“तर तेच खरं.”

“लाव.”

भिडेनं तिच्या कपाळाला चकत्या चिकटवल्या. कानात एक सपाट, न थांबणारा, कोणाचाच नसलेला आवाज ती ओळ म्हणू लागला. मीनाला ऐकू आलं ते मीनाही गेली. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. तिला रडू फुटलं. “तेच आहे. बंद कर.”

“मीना, डोळे उघड,” डॉक्टर म्हणाल्या.

पडद्यावर प्रत्येक वेळी काप एकाच जागी पडली होती. मी, मग रेघ. नाही, मग रेघ. गेली.

“तुला कळायच्या आधीच कापून झालं होतं,” भिडे म्हणाला. “मीनाही तू मागून शिवलंस. प्रत्येक वेळी.”

ते गेले, सुधीर गेला, मी नाही गेली. मी म्हणजे आई स्वतः. गेलेल्यांत आईनं तिला धरलंच नव्हतं. मीना तोंडावर पदर घेतात तशी बाही घेऊन मनसोक्त रडली, आणि डॉक्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढच्या रविवारी मंडळानं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरलं. वाचायला मीना बसली. शब्द कुठं तोडायचा याचा ती विचार करत नव्हती, आणि अडतही नव्हती. वेळ कसा गेला कळलं नाही. डॉक्टर मध्येच उठून दवाखान्यात डोकावून आल्या, तरी ही जागची हललेली नाही.

“काय गं, जेवायला नाही गेलीस?” त्यांनी दारातून विचारलं.

मीनानं पानावरून मान वर न करता सांगितलं, “मी नाही गेली.”

भिडेनं टोकायला तोंड उघडलं, आणि मिटलं.