तीस सेकंदांचा टाइमर

हौशी रेडिओवाल्यांची एक खोड मोठी वाईट. बटण दाबून एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. म्हणून यंत्रात टाइमर असतो. ठरलेले सेकंद भरले की तो बोलणाऱ्याचा आवाज तोडतो. फक्त आवाज. सेट दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना हे तोंडपाठ होतं.

सकाळी अकराला त्यांनी वरच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचा जुना सेट लावला. टाइमर तीसवर होता. बटणाला हात लावायच्या आतच सेटच्या खरखरीतून बाई ओरडली, "अहो, खाली या ना! कोण दार ठोकतंय बघा!" मग धाडधाड धक्के. तिसाव्या सेकंदाला सगळं गप्प.

मास्तर चक्रावले. हा टाइमर आपलं बोलणं तोडतो, समोरच्याचं कसं तोडेल? त्यांनी साठ केले. पुन्हा तीच हाक, तेच धक्के. पुढे दाराची फळी फुटली. नव्वद केले. आता घण बसला. हाड मोडलं. "अहो, मारतोय हो मला!"

आवाज बायकोचा होता.

मास्तर धडपडत जिना उतरले. बायको ओट्यापाशी कांदा चिरत होती.

"काय हो, भूत बघितलंत की काय?"

"कडी घाल. कुणी आलं तरी उघडू नकोस."

"दूधवाल्यालाही नाही?" ती हसली, पण तिने कडी घातली.

आता त्या मेल्या सेटची वायरच उपटतो, म्हणून मास्तर वर गेले. वायरला हात घातला, तोच हाक आली.

"अहो, खाली या ना! कोण दार ठोकतंय बघा!"

सेटमधून नव्हे. जिन्यातून.

धाडधाड धक्के सुरू झाले. मास्तरांना एकच सुचलं: पहिल्या तीस सेकंदांत तिला काहीच झालं नव्हतं. त्यांनी टाइमर पुन्हा तीसवर आणला.

खाली एकदम शांतता झाली.

मास्तरांच्या जिवात जीव आला. ते धावत उतरले.

दार फुटलेलं होतं. पाठमोऱ्या माणसाचा घण वर जात होता, खाली येत होता. भिंतीवर रक्त उडत होतं. बायकोचं तोंड सताड उघडं होतं. आवाज कशाचाच नव्हता.

मास्तरांनी जिवाच्या आकांताने शेजाऱ्याला हाक मारली. घसा फाटला, शब्द फुटला नाही.

खिडकीपलीकडे शेजारी शीळ घालत कपडे वाळत घालत होता.