आत कोणी नाही ना?

हे खरं आहे. मोजमापं घेणं हे माझं काम. जे मोजता येत नाही ते मी सहसा लिहीत नाही. म्हणूनच हे लिहायला महिना गेला.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. तळघरातली एक्स-रेची प्रयोगशाळा, ट्यूबलाइटचा उजेड, आत-बाहेर करायला एकच दार.

तिथलं मशीन बाबांनी एकतीस वर्षं सांभाळलं. मी तिथेच संशोधनाला लागले, तेव्हापासून कामावर ते मला मॅडम म्हणायचे. घरी ठमे.

मशीन म्हणजे कपाटाएवढी पेटी, आतून शिशाचा पत्रा, पुढे जाड काचेचं दार. दार लावलं की चौकटीतलं बारीक बटण दाबलं जातं. ते दाबलेलं असेल तरच किरणं सुटतात. त्याआधी बाबा काचेवर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "आत कोणी नाही ना?"

"बाबा, आत माणूस मावतो का?"

"माणूस नाही, पण हात मावतो. हाताला कान नसतात, म्हणून हाताच्या मालकाला विचारायचं, मॅडम."

तो गुरुवार होता. माझा नमुना दर दहा मिनिटांनी हलवायचा होता. दार उघडलं की मशीन बंद, मग सगळं पहिल्यापासून. बाबा जेवायला गेले होते.

मी बटणावर चिकटपट्टी लावली. मशीनला वाटलं, दार बंदच आहे.

काम झालं. पट्टी काढायची मी विसरले.

संध्याकाळी खोली आवरताना ती बाबांना सापडली. नखाने सोलून त्यांनी ती काढली.

"सकाळी बटण तपासताना मीच लावली असणार," ते म्हणाले. "आणि काढायची राहिली. कोणाचा हात गेला असता म्हणजे?"

मी बॅग भरत होते. खरं सांगितलं असतं, तर मला त्या मशीनला पुन्हा हात लावू दिला नसता.

"म्हातारा झालो गं, ठमे."

कामावर त्यांनी मला ठमे म्हटलं, ते त्या एकाच दिवशी.

"चला, उशीर होतोय," मी म्हटलं.

त्यांनी ती पट्टी नोंदवहीत चिकटवली. खाली लिहिलं, 'चूक माझी.' सही केली.

पहाटे ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आई म्हणाली, "रात्री जेवलेच नाहीत. सारखं एकच, आता माझ्यावर विसंबता येणार नाही."

तीन आठवड्यांनी मी कामावर परतले. नमुना ठेवला. दार लावलं. मशीन सुरू केलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली...

दार उघडे आहे.

दार बंद होतं.

बाबांच्या जागी आलेल्या ऑपरेटरबाईंनी तोच नमुना लावला. मशीन चालू!

"तुमच्यावर रुसलंय वाटतं," त्या हसल्या.

दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. त्याला काही सापडलं नाही. मग माझे नमुने ऑपरेटरबाईच लावू लागल्या. मी कारण विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी त्या रजेवर होत्या.

मी एकटी होते. दार लावलं. पुन्हा तेच.

दार उघडे आहे.

मग मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. पंख्याचा थांबला. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

आणि...

टक. टक.

आतून.

काचेतून पाहिलं. नमुना होता. बाकी काही नाही.

मी नोंदवही काढली. ते पान उघडलं. 'चूक माझी' होतं. सही होती.

पट्टी नव्हती... फक्त तिच्या आकाराचा पिवळट डाग.

मी अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला, रुमालासाठी. बोटाला काहीतरी चिकटलं.

ती पट्टी आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. खिशात कशी आली, मला माहीत नाही. त्या दुपारी ती बोटाला चिकटलेली असतानाच आतून पुन्हा आवाज आला.

टक. टक.

बाबा टकटक केल्यावर उत्तरासाठी थांबायचे. कितीही वेळ. कोणी बोलल्याशिवाय त्यांनी एकदाही किरणं सोडली नाहीत.

आताही कोणीतरी थांबलं होतं.

मी काचेवर तळवा टेकवला. मग बोलले.

"बाबा, तुम्ही काही विसरला नव्हता. ती पट्टी मी लावली होती."