गाळायचं कापड

वडीगोद्रीच्या फाट्यावरून अंबडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तिसरं पत्र्याचं शेड आमच्या गिरणीचं. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. आमचे मालक बद्रीनाथ गिरणी चालवतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई द्वारकाबाई, दारात पोत्यावर बसून दळणाचे नंबर लावतात. मी बारावी सायन्सपर्यंत शिकलेली, त्यामुळं 'आमच्या घरात इंजिनाचं बायकोला कळतं' असं मालक चारचौघांत सांगायचे.

दोन हजार पाच साली लाईट दिवसातून आठ-आठ तास जायची. लाईट गेली की मोटरीचा पट्टा काढायचा आणि इंजिनाचा चढवायचा. इंजिन एका सिलिंडरचं, जुनं, शेजारी थंड पाण्याचा हौद, धुराड्याच्या तोंडावर उपडा डबा. त्या डब्यातून पुक् पुक् आवाज पार मोसंबीच्या बागांपर्यंत जायचा. तो ऐकला की बाया डबे डोक्यावर घेऊन निघायच्या.

डिझेल परवडायचं नाही, म्हणून मालक त्यात जळकं ऑइल मिसळायचे. रस्त्यापलीकडं धर्मराजभाऊंचं गॅरेज. ट्रकचं ऑइल बदललं की काढलेलं काळं ऑइल ते आमच्या पिंपात ओतायचे. पुढचं काम माझं. पिंप उन्हात ठेवायचं, पंधरा दिवस हलवायचं नाही. गाळ खाली बसला की वरचं हळूच काढायचं, नरसाळ्यावर कापड बांधून गाळायचं आणि एकाला तीन डिझेल घालायचं. इंजिन त्यावर चालायचं, पण धूर काळाभोर. दोरीवरच्या लंगोटांवर ठिपके पडायचे. मागची भिंत चुना मारून आठ दिवसांत तव्यासारखी व्हायची.

माझं पहिलं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. त्याचं नाव ठेवायचं राहिलं.

दुसरी मुलगी, छबी. तिच्या वेळी आत्याबाईंनी बजावलं, अंगाला नवं कापड लावायचं नाही. जिच्या घरी सगळी लेकरं जगली, तिच्याकडून जुनं झबलं मागून आणायचं आणि काम झालं की धुऊन, तांदूळ-गूळ घालून परत द्यायचं. "लोकाचं जगणं उसनं आणायचं असतंय," त्या म्हणाल्या, "ठिवून घ्यायचं नसतंय."

तसं घर आमच्या अंगणवाडीच्या बेबीनंदाताईंचं. तीन लेकरं, तिन्ही ठणठणीत. धाकटी यशोधरा, सगळे यशी म्हणायचे, तेव्हा अडीच वर्षांची. एरवी त्यांच्या घरचा चहा न घेणाऱ्या आत्याबाईंनी मला त्यांच्याच दारी पाठवलं. ताई हसल्या.

"आमच्यात असलं मानत न्हाईत, बाई. पण लेकरासाठी न्या. तिघांच्या अंगाचं हाय, लई मऊ झालंय."

पांढरं मलमलचं, बिनबटणाचं झबलं. गळ्याला नाडी. छबीला ते घातलं तेव्हा ती पहिल्यांदा पोटभर प्याली आणि झोपली. अजून ती झोपली की मी आधी नाकाशी बोट धरते. श्वास बोटाला लागला की मगच कामाला उठते.

पाच महिन्यांत झबलं आखूड झालं. मी ते धुऊन पेटीत ठेवलं. आज देऊ, उद्या देऊ, असं करत राहिलं.

चैतातली दुपार होती. कुणाच्या तरी लग्नाचं दळण आलेलं, लाईट गेलेली, दारात पंधरा-वीस डबे. मी ऑइल गाळायला बसले आणि धोतराचं कापड मधोमध फाटलं. आतून मालक ओरडले, "कापड बदल की! जल्दी कर, बाया खोळंबल्यात!"

पेटी उघडली. वरच झबलं होतं.

नवं कापड ऑइल धरून ठेवतं. शंभरदा धुतलेलं मलमल गाळायला सगळ्यात चांगलं, हे माझ्या हाताला माहीत होतं. आणि आणखी एक विचार आला. लिहायला लाज वाटते, पण आला होता. त्यांच्यात कुठं मानतात.

नाडी सोडली आणि झबलं नरसाळ्यावर बांधलं.

ऑइल असं गळालं की मी बघत राहिले. मधासारखं, आरपार दिसणारं. कापडावर गाळाचा कण राहिला नाही. मालकांनी टाकी भरली, हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी धुराड्याकडं पाहिलं. डबा थडथडत होता. वर नुसती हवा हलत होती. धूर नव्हता.

मालक खूश झाले. मग तेच कापड रोज. भिंतीला चुना मारला, तो पांढराच राहिला. दोरीवरची कापडं स्वच्छ वाळू लागली. धर्मराजभाऊ मुद्दाम बघायला आले.

"वहिनी, इंजिनाला तूप पाजून राह्यले का काय?"

"तुमचंच ऑइल आहे, भाऊ."

"माझं ऑइल मला म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांनी पाना आणून इंजिनात डिझेल फवारणारं नोझल खोललं. आत बोट फिरवलं, उजेडात धरलं. बोट कोरं होतं. त्यांचं हसू गेलं. नोझल परत बसवता बसवता ते म्हणाले, "जळतं ते कुठंतरी बसतंच, वहिनी. कार्बन काय पळून जात न्हाई."

मला ते कळत होतं. बारावीला तेच शिकले होते.

आठवड्याभरानं बेबीनंदाताई यशीला घेऊन दळणाला आल्या. रांगेत उभ्या राहून पदरानं तिचे कान पुसत होत्या.

"बघा हो बाई, सकाळी घासून न्हाऊ घातली. कानात काळं, नाकात काळं. आमची कोळशाची वखार झालीया नुस्ती."

बाया हसल्या. यशीही हसली. तिच्या दातांच्या फटींत बारीक काळ्या रेघा होत्या.

मग ती खोकली. कोरडा, एवढासा खोकला. पुन्हा. पुन्हा. सारख्या अंतरानं. धुराड्यावरचा डबा वाजला की खोकला, डबा वाजला की खोकला. पिठाचा भुसकारा नाकात गेला असेल, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात लाईट आली. मालकांनी इंजिन बंद केलं. शेवटचा ठोका पडला आणि यशीचा खोकला थांबला.

ताईंनी तिच्या तोंडाला धरलेला पदर खाली घेतला. त्यावर काजळाच्या बोटाएवढा डाग होता.

त्या तिला अंबडला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. छातीचा फोटो काढला, फोटो साफ. "डॉक्टर म्हणले, चुलीपाशी बसू देऊ नका," ताई सांगत होत्या. "मंग मी म्हणलं, साहेब, माझ्या घरी चूलच न्हाई. गॅस हाय."

मी मान हलवली. एवढंच केलं.

त्या दिवशी झबलं नरसाळ्यावरून सोडलं आणि सोड्याच्या पाण्यात टाकलं. जळक्या ऑइलची कापडं मी पाच वर्षं धुतेय. ती कधी पांढरी होत नाहीत. हे एका बुचकळीत पांढरं झालं. पाणी नितळ राहिलं. नाकाशी धरलं तर ऑइलचा वास नव्हता. लेकराच्या टाळूला येतो तो वास होता.

दुसऱ्या दिवशी धोतराच्या कापडातून गाळलं. गाळ कापडावर राहिला, ऑइल पूर्वीसारखं काळं उतरलं. इंजिनाला मात्र धूर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी मालकांना म्हणाले, "जळकं ऑइल बंद करा. इंजिनच काढून टाका."

"डोकं फिरलं का? असं इंजिन साऱ्या तालुक्यात न्हाई."

"त्या धुराचं यशीला होतंय."

"कोणता धूर?" ते म्हणाले. "दाव मला."

काय दाखवणार? भिंत पांढरी होती. दारात भाकरी मागायला आलेल्या परक्या बाईकडं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डबे उचलायला गेले.

पुढं गावठाणाचा फिडर, म्हणजे विजेची लाईन, शेतीपासून वेगळा झाला आणि लाईट टिकू लागली. मी रोज तेच बोलायची. शेवटी वैतागून त्यांनी इंजिन विकलं. परतूरकडचा माणूस टेम्पो घेऊन आला. मालकांनी जळक्या ऑइलवर चालवून दाखवलं. त्यानं डबा काढून धुराड्याच्या तोंडावर पंजा धरला, काढून पाहिला. पंजा स्वच्छ. "हे बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं जळकं ऑइल लई भेटतं."

टेम्पो गेला तेव्हा मला वाटलं, सुटले.

यशी सुटली नाही. आता तिला कधीही खोकला यायचा. अंगणवाडीत खाऊ खाताना, आईच्या मांडीवर बसलेली असताना. "तास-तास चालतो, बाई," ताई म्हणाल्या. "एकसारखा. मंग बटण दाबल्यावानी बंद." तिचे डोळे आत गेले होते. रडली की गालांवर राखाडी ओघळ उठायचे.

कुठंतरी, कुणीतरी, आपल्या विहिरीवर ते इंजिन सुरू करत होतं. मालकांना शोधायला लावलं. परतूरच्या माणसानं ते महिन्यातच पुढं विकलं होतं. कुणाला, ते त्याला सांगता येईना.

माझ्या हातात झबलं तेवढं उरलं होतं.

मी ते घडी केलं. तांदूळ घेतले, गुळाचा खडा घेतला आणि ताईंच्या घरी गेले. कापडाचं काय केलं ते सांगायचं ठरवून गेले होते. दारात यशी बसली होती, भिंतीला टेकून, मोठ्या माणसासारखी.

"उशीर झाला, ताई," एवढंच माझ्या तोंडून आलं.

"अगं बया! मी तर इसरूनबी गेल्ते." त्यांनी झबलं गालाला लावलं. त्यांचे डोळे भरले. "किती जपलं हो बाई तुम्ही!"

चार दिवसांत यशी साफ झाली. खोकला नाही, डाग नाही. पाचव्या दिवशी ती गिरणीच्या ओट्यावर लंगडी खेळत होती. बेबीनंदाताईंनी मला बर्फी दिली. आत्याबाईंनीही ती खाल्ली. मी छबीला उचलून घेतलं आणि तिचे इतके मुके घेतले की ती रडायला लागली.

सहाव्या दिवशी छबीला न्हाऊ घालताना पाटाखालून गेलेलं पाणी राखाडी दिसलं.

मी कानामागं बोट फिरवलं.

तिला पुसलं, पदराखाली घेतलं. प्याली. तोंडाच्या कोपऱ्यातून थोडं दूध ओघळलं. त्या दुधात केसाएवढी काळी रेघ होती.

मग ती माझ्या छातीला लागल्या लागल्या खोकली. पुन्हा खोकली. मला अंतर मोजायची गरज नव्हती. त्या तालावर मी पाच वर्षं भाकरी थापल्या होत्या.

कापड ज्या घरात, त्या घरचं लेकरू साफ. दुसऱ्या घरचं नाही. एवढंच मला कळलं. त्यापुढचं आजही कळत नाही.

तीन दिवस मी थांबले. लोकाचं लेकरूही लेकरूच, असं स्वतःला सांगत थांबले. चौथ्या दिवशी छबी खोकून दमली आणि झोपली. मी नाकाशी बोट धरलं. काढलं तेव्हा बोटाचं टोक काळं होतं.

मी ताईंच्या घरी गेले.

"ताई, झबलं परत देता का? थोडे दिवस."

"छबीला आता कसं बसंल?"

"उशाला ठेवीन नुसतं. तिला बरं नाही."

त्यांनी आत हाक मारली. यशीच ते घेऊन आली, दोन्ही हातांवर घडी धरून, हसत. दात पांढरेशुभ्र. मी ते तिच्या हातांवरून उचललं.

वाटेत मनात आलं, अर्धं अर्धं करावं. घरी येऊन कात्री हातात घेतली. कात्री कुणाला लागेल, हे कळेना. ठेवून दिली. झबलं छबीच्या उशाखाली सरकवलं. संध्याकाळच्या आत तिचे कान साफ झाले.

आता ती चालायला लागली आहे. आत्ता झोपली आहे. बोटाला श्वास लागतो आहे, बोट स्वच्छ आहे.

परवा बेबीनंदाताई दळणाला आल्या. एकट्याच. दारात नऊ-दहा डबे होते. आत्याबाई नंबर सांगत होत्या. मी पुढं झाले, ताईंचा डबा घेतला आणि सगळ्यांच्या आधी चक्कीत ओतायला निघाले.

त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या. "मला आता कुठं घाई हाय."