नवव्या खणातला श्वास

टेबलावरचा रबरी फुगा श्वास घेत होता आणि यास्मिन मुजावर त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. फुगा फुगला, थांबला, हळूच बसला. पुन्हा फुगला. शेजारच्या स्पीकरवर स्नेहल खोत मैदानावर पोरींना झापत असतानाचं रेकॉर्डिंग चालू होतं. "अगं पाय धर तिचा, पाया कशाला पडतीस!" शेवटच्या शब्दावर स्नेहलचा आवाज चढला आणि नेमका तिथेच फुगा अर्ध्यात अडकला. मग चिंधीसारखा टेबलावर पडून राहिला. पडद्यावर लाल ओळ आली : प्रोग्रॅम बंद पडला.

"गेली," यास्मिन म्हणाली आणि तिने जीभ चावली.

मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात असं बोलायची सोय नव्हती, कारण फुग्याच्या जागी लवकरच खरं माणूस येणार होतं. स्नेहल खोत ही एकेकाळची नावाजलेली कबड्डीपटू. एका पकडीत तिच्या मानेचा मणका मोडला, मानेखालचं शरीर लुळं पडलं आणि त्याबरोबर श्वासही गेला. तेव्हापासून तिचा श्वास एक पेटी चालवत होती. मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंतले बारीक विद्युतसंकेत टिपायचे, बाईला नुसतं बसायचंय, बोलायचंय की ओरडायचंय हे त्यावरून ओळखायचं आणि त्या बेताने छातीखालच्या पडद्याच्या नसेला हुकूम द्यायचा, एवढंच या श्वासपेटीचं काम. टेबलावरच्या फुग्यालाही रेकॉर्डिंगच्या वेळी टिपलेले स्नेहलचे संकेतच नव्या पेटीमार्फत मिळत होते. चाकांच्या खुर्चीला अडकवलेल्या त्या डबीच्या जोरावर स्नेहल गेली अकरा वर्षं मुलींना कबड्डी शिकवत होती, आणि तिने आवाज टाकला की रस्त्यावरची माणसंही चपापून थांबायची.

आता पेटीतली चिप म्हातारी झाली होती. बनवणारी कंपनी गाशा गुंडाळून केव्हाच गेली होती, सुटे भाग मिळत नव्हते. नवी देशी चिप स्वस्त होती, वेगवान होती. जुना प्रोग्रॅम 'फक्त' तिच्यावर चढवायचा होता. 'फक्त' हा शब्द केंद्राचे प्रमुख डॉ. अभिनंदन चौगुले यांचा, आणि त्या शब्दावर यास्मिनचा तेव्हापासून राग होता.

प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला होता. ही भाषा जुनी आणि भलतीच विश्वासू. लिहिणारा शहाणा आहे असं धरून चालते आणि त्याला यंत्राच्या स्मृतीत थेट हात घालू देते. हात चुकीच्या जागी गेला तरी हूं की चूं करत नाही. मग काय होईल ते चिपच्या स्वभावावर. जुनी चिप मोठी सोशीक होती. जागा वाचवण्यासाठी कुणीतरी आकडे अगदी दाटीवाटीने कोंबले होते, तेही ती निमूट वाचून घ्यायची. नवी शिस्तीची. आकडा आखलेल्या रेघेवर सुरू झाला नाही की ती सरळ काम टाकायची. तो घोळ यास्मिनने आकडे ऐसपैस मांडून मागच्या आठवड्यात निस्तरला होता.

हा दुसरा बिघाड मात्र लपंडाव खेळत होता. प्रोग्रॅम कुठवर पोचला ते कळावं म्हणून यास्मिनने मध्येमध्ये पाळतीच्या ओळी घातल्या की फुगा तासन्‌तास मस्त चालायचा. ओळी काढल्या की स्नेहलच्या पहिल्याच आरोळीला मान टाकायचा. तीच चिप, तीच आरोळी. यास्मिनला पेटी उचलून भिंतीवर आपटावीशी वाटत होती.

दार ढकलून चौगुले आत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"यास्मिन, स्नेहलला आणलंय. जुन्या पेटीने सकाळपासून दोनदा श्वास चुकवला."

"सर, अजून सापडलं नाही मला."

"पाळतीच्या ओळींसकट चालतं म्हणालीस ना? तसंच लावू."

"का चालतं ते मला माहीत नाही. उद्या का बंद पडलं तेही मग कळणार नाही."

शेजारच्या खोलीतून स्नेहलचा आवाज आला, "डॉक्टर, त्या पोरीच्या डोस्क्यावर बसू नका. तिला करू द्या."

ही बाई स्वतःच्या श्वासाची वाट बघत होती आणि वर यास्मिनलाच धीर देत होती. ती पुन्हा पडद्याकडे वळली. पाळतीच्या ओळी घातल्या की स्मृतीतल्या सगळ्या वस्तू थोड्या सरकतात, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे चुकीचा हात पडत होताच, फक्त कधी मोकळ्या जागेवर पडत होता आणि कधी बंदी असलेल्या. मग चोराचा पाठलाग कशाला करायचा? तिने पाळतीच्या ओळी पुसल्या आणि प्रोग्रॅममधल्या प्रत्येक तक्त्याभोवती बंदीच्या जागेचं कुंपण घातलं. आता हात एका घराने जरी बाहेर गेला तरी जागच्या जागी पकडला जाणार होता.

स्पीकरवर आरोळी झाली. फुगा पडला आणि कुंपण कुठे ओलांडलं गेलं ते पडद्यावर आलं.

तो श्वासांचा तक्ता होता. त्यात आठ खण, आणि प्रत्येक खणात श्वासाचा एकेक साचा. झोपेतला, बसल्याबसल्याचा, बोलण्याचा, असं करत आठवा मोठ्याने बोलण्याचा. माणसाने जितका जोर लावला तितका पुढचा खण. पण अगदी जीव खाऊन जोर लावला की हिशेब नवव्या खणावर जायचा, आणि नववा खण नव्हताच. कुणीतरी 'आठपर्यंत' थांबायच्या ऐवजी एक पाऊल पुढे टाकलं होतं. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. यास्मिनने एक चिन्ह बदललं. जोर कितीही असो, आठव्या खणापुढे जायचं नाही.

फुगा चालला. आरोळ्या झाल्या, हसणं झालं, खोकला झाला, फुगा चालतच राहिला. यास्मिनने सुटकेचा श्वास टाकला आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीत धोक्याची घंटा किंचाळली.

ती पेटी घेऊन धावली. जुनी पेटी थंड पडली होती. स्नेहलचे ओठ काळपट होत चालले होते. चौगुले हाताने रबरी पिशवी दाबून तिच्या छातीत हवा भरत होते. "लाव!" ते ओरडले. यास्मिनने वायर बदलली. डॉक्टरांनी पिशवी बाजूला घेतली. स्नेहलची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. यास्मिनला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

"रडतीस," स्नेहल म्हणाली. थांबली. "कशाला," थांबली. "मी हाय," थांबली, "की."

खोलीतला आनंद तिथेच विरला. स्नेहलने पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. दोन शब्द झाले की पेटी तिला श्वास घ्यायला लावायची, वाक्य मध्येच तुटायचं. तिने हसून पाहिलं, तर उचकी लागल्यासारखं झालं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला तिचे हात उठत नव्हते. यास्मिनने पुसलं.

"प्रोग्रॅम बरोबर आहे ताई," ती म्हणाली. ते शब्द तिचे तिलाच पोकळ वाटले.

ती टेबलापाशी परतली आणि तिने जुन्या चिपच्या स्मृतीचा नकाशा उघडला. आठ खणांच्या लगेच पुढे, जिथे नववा खण असल्याचं पेटी समजत होती, तिथे काय ठेवलेलं होतं? कुंपण नसलेल्या त्या जागेत मागच्या श्वासाची नोंद असायची : किती खोल होता, किती वेळ टिकला. म्हणजे जुनी पेटी बंद पडायची नाही. जोर लावला की ती मागच्याच श्वासाला साचा धरून पुढचा द्यायची. स्नेहलच्या मेंदूने ही फट नकळत हेरली होती. मोठं बोलायच्या आधी ती एक श्वास तसा बेतून घ्यायची, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. जोर लावून लावून ती यंत्राच्या चुकीतून आपला श्वास आपल्या हातात घ्यायला शिकली होती. तिचं ओरडणं, हसणं, लांबलचक वाक्यं, सगळं त्या नसलेल्या खणातून येत होतं. आणि यास्मिनने तो बुजवला होता.

ती स्नेहलच्या खोलीत परतली आणि तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. "मला तो खण मुद्दाम बांधता येईल. आता चूक म्हणून नाही, नियम म्हणून."

"धोका?"

"श्वासावर श्वास लांबत जातो, सर. कुठे थांबेल याला सीमा नाही. सीमा घातली की तिचा ताबा जातो, मी पडद्यावर हिशेब करून बघितलं. जुन्या पेटीत अकरा वर्षं काही झालं नाही, यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही."

"आणि आत्ताचं?"

"आत्ताचं शंभर टक्के सुरक्षित आहे."

दोघांनी स्नेहलकडे पाहिलं.

"सुरक्षित," स्नेहल म्हणाली. थांबली. "तू ऱ्हा," थांबली. "मला माझं," थांबली, "दे."

चौगुल्यांनी रबरी पिशवी उचलली आणि ते खुर्चीजवळ उभे राहिले. "चढव."

नवा प्रोग्रॅम सुरू झाला. स्नेहलने एक श्वास घेतला, मग त्याहून खोल एक, आणि बोलली, "डॉक्टर, तुमचं तोंड बघा, परीक्षेला नापास झालेल्या पोरावानी झालंय!" सबंध वाक्य, एका दमात. ती खळखळून हसली. डॉक्टरही हसले. हसता हसता तिने आणखी एक खोल श्वास घेतला.

आणि पुढचा श्वास आला नाही.

छाती भरलेली, स्थिर. डॉक्टरांचं हसू मावळलं. यास्मिनचं बोट सुरक्षित प्रोग्रॅमच्या बटणावर गेलं. स्नेहलचे डोळे उघडे होते, यास्मिनवर रोखलेले. पडद्यावर नवव्या खणातला श्वासाच्या लांबीचा आकडा वाढत होता. डॉक्टर पिशवी घेऊन पुढे झुकले. यास्मिनने बटण दाबलं नाही. का दाबलं नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

छाती हळूहळू खाली आली. मग वर.

"भ्यालीस व्हय?" स्नेहल म्हणाली. "मीच धरला होता."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "ही पेटी वापरणारे बाकीचे पेशंट आहेत, यास्मिन. त्यांना यातलं कुठलं पाठवायचं? आणि आत्ता ते पेटी अडकली म्हणून झालं की हिने धरला म्हणून, ते आधी मला कळलं पाहिजे."

यास्मिनने नोंदी पुन्हा पुन्हा चाळल्या. पेटी अडकली असती तरी अशाच दिसल्या असत्या. ती स्नेहलच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली.

"ताई, खरं सांगा. तो श्वास तुम्हीच धरला होता?"

स्नेहलने विचार केला. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत जराशी शंका चमकून गेली.

"मला तर तसंच वाटलं," ती म्हणाली. "पण तुझा श्वास तूच घेतीस, हे तुला तरी कशावरनं कळतंय गं?"