तिसरा कागद

त्या दिवशी मी निघाले होते ती माझीच एक चूक निस्तरायला. काम फार तर अर्ध्या तासाचं. रस्ता पायाखालचा, घर ओळखीचं, आणि संध्याकाळचे जेमतेम साडेपाच वाजलेले.

आधी माझं काम सांगते. ज्या घरात मुलांची आबाळ होते अशी तक्रार येते, त्या घरी मी जाते. आईबापांशी बोलते, मुलांना पाहते, काय हवं-नको ते जुळवून देते. या कामात सव्वीस वर्षं गेली. कोण थापा मारतंय हे मला उंबरठ्यावरच कळतं, आणि याचा मला गर्व आहे, उगाच कशाला लपवू?

मुलं अनोळखी बाईशी पटकन बोलत नाहीत, म्हणून माझी एक युक्ती आहे. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचा आणि त्यावर पंजा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायला सांगायचं. हात गुंतला की जीभ सुटते. शिवाय मागच्या पंजाशी ताडून पाहिलं की मूल वाढतंय का तेही कळतं.

या घरात मुलं दोन. ठमी आठ वर्षांची आणि तिचा भाऊ चार वर्षांचा. वर्षापूर्वी त्याच्या फासळ्या मोजता यायच्या. आता त्याची आई त्याला लाडानं भोपळ्या म्हणत होती. ही माझी शेवटची भेट, त्यानंतर फाइल बंद होणार होती. मी खुशीत होते. मुलं आतल्या खोलीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन पंजे काढत होती आणि मी त्यांच्यासमोर बसायचं सोडून स्वयंपाकघरात आईशी गप्पा मारत राहिले. निघताना कागद न बघताच पाकिटात टाकले. ऑफिसात फॉर्म भरताना ते मोजले आणि सवयीनं लिहून मोकळी झाले, 'मुलं प्रत्यक्ष पाहिली : तीन.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या मॅडमनी बोलावलं.

"हे तिसरं मूल कुठलं?"

"तिसरं? अहो, दोनच आहेत."

"सही तुमची आहे. या बाईनं वर्षभर एक मूल लपवून ठेवलं की काय?"

"चूक माझी झाली असेल."

"तुमची?" मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं लिहिलेलं मी कधी तपासत नाही, म्हणून तर वरती कळवून बसले. उद्या सकाळी दहाला माणसं जाणार आहेत. तिसऱ्याचा पत्ता लागेपर्यंत त्या दोघांना आईजवळ ठेवणार नाहीत. थांबवायचं असेल तर आजच जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि लेखी आणून द्या."

मी पाकीट उघडलं. तीन पंजे होते. ठमीचा, भोपळ्याचा आणि त्या दोघांच्या मधल्या मापाचा एक. त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. पेन्सिल घसरली असेल, असं म्हणून मी पिशवी उचलली.

ठमीच्या घराच्या जिन्यातला दिवा गेला होता. कठड्याला धरून चढताना मागून साबणाचा वास आला, नुकत्याच न्हालेल्या मुलाला येतो तसा. मी वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

आईनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला.

"ताई? फाइल बंद झाली ना?"

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ती आधी हसली. "तिसरं? अहो, या दोघांनीच नाकी नऊ आणलेत, तिसरं कुठून आणू?" मग अर्थ ध्यानात आला तशी ती भिंतीला टेकून खाली बसली. "नेतील का हो त्यांना?"

"मी आहे ना. ऊठ, मला सगळं घर दाखव."

दोन खोल्यांचं घर ते. कपाट, पलंगाखाली, माळा, बाल्कनी, बाथरूम, सगळं धुंडाळलं. तिसऱ्या मुलाचा साधा मोजाही सापडला नाही. मग मी मुलांना समोर बसवलं आणि तीन कोरे कागद जमिनीवर ठेवले. या वेळी नजर हलवली नाही. दोघांनी दोन पंजे काढले. तिसरा कागद कोराच राहिला. मी पिशवीतून कालचा कागद काढला.

"ठमे, हा कुणी काढला गं?"

तिनं भावाकडे पाहिलं. "तिनं."

"तिनं म्हणजे कुणी?"

"तुमच्याबरोबर येते ना... ती."

आईनं तोंडावर हात ठेवला. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "रोज येते का इथे?"

"नाही. तुम्ही आलात की येते. तुम्ही गेलात की तुमच्या मागून जाते." ठमीचा आवाज खाली आला. "तुम्ही बघत असलात की ती कागद घेत नाही..."

"तिचे केस ओले असतात," भोपळ्या म्हणाला आणि पुन्हा पेन्सिल फिरवायला लागला.

साबणाचा वास आता खोलीत होता, अगदी माझ्या खांद्याशी. पण समोर एक आई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिची दोन मुलं माझ्या एका आकड्यावर टांगलेली होती. मी तिथेच जमिनीवर बसून लिहिलं, 'घर तपासलं. मुलं दोनच. तिसरा कागद माझ्यामुळे आला. चूक पूर्णपणे माझी.' यात एकही शब्द खोटा नव्हता. ऑफिसात मॅडमनी ते वाचून माझ्यासमोर फोन फिरवला आणि माणसं जायची थांबली. ठमी आणि भोपळ्या आजही आईजवळ आहेत.

त्यानंतर मी रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि चौदा वर्षांपूर्वीची एक फाइल काढली. कुठली काढायची हे मला जिन्यातच कळलं होतं.

त्या घरी माझ्या दोन भेटी झाल्या होत्या. पहिल्या खेपेला एका लहान मुलीनं माझ्यासमोर पंजा काढला. दुसऱ्या खेपेला ती दिसली नाही. बाप बाथरूमच्या बंद दारापुढे उभा होता. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. "अंघोळ करतेय ती," तो म्हणाला, "लिहून टाका." मी हाक मारली. आतून ओ आली नाही. मला त्या दिवशी आणखी तीन घरं करायची होती. मी 'मूल पाहिलं' असं लिहून टाकलं. आठवड्यानं गेले तर घर रिकामं. बापाचा, मुलीचा, कुणाचाच ठावठिकाणा पुढे लागला नाही. माझा फॉर्म मात्र सांगत राहिला की मुलगी सुखरूप दिसली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फाइलमधला पंजा मी तिसऱ्या कागदाखाली धरून दिव्यासमोर नेला. रेघेवर रेघ बसली. करंगळीसुद्धा.

मी एकटी राहते. त्या रात्री घरी पोचले तेव्हा माझ्या बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि पाणी पडत होतं. मी हाक मारली. ओ आली नाही. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एकदा पाठ फिरवून झाली होती. मी खुर्ची ओढली आणि दारासमोर बसले. "होऊ दे सावकाश, बाळा," मी म्हटलं. "मला आज दुसरं घर नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बसते. भीती आहे, पण 'पाहिलं' असं मी लिहिलंय आणि ते मला खरं करायचंय.

काल पहिल्यांदाच पाणी थांबलं. कडी निघाली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून चार ओली बोटं दाराची कड धरून राहिली. शेवटचं बाहेरच्या बाजूला वाकलेलं. मी खुर्चीवरून उठले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "अंघोळ करतेय ती... लिहून टाका."